सहाव्या लेव्हलला आवृत्ती बदलायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरच्या एका बोर्डगेम कॅफेत एकाआड एक रविवारी सहा जण जमतात, एक डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) आणि पाच खेळाडू. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाच्या २०१४च्या नियमांवर कॅम्पेन, म्हणजे लांबलचक साहसकथा, चालू आहे आणि सगळी पात्रं सहाव्या लेव्हलला आहेत: ग्रेटस्वर्डवाला फायटर, पॅलाडिन, बर्सरकर बार्बेरियन, क्लेरिक आणि वॉरलॉक (हे सगळे क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार). दोघांनी २०२४चं नवं प्लेअर्स हँडबुक आणलंय आणि त्यातलं वेपन मास्टरी (शस्त्रागणिक मिळणारी खास करामत) आणि नव्या हीलिंगचे (जखम भरण्याचे) आकडे त्यांना लगेच हवे आहेत. वॉरलॉकच्या खेळाडूला २०१७च्या चाचणी-पानांमधला (खेळाडूंचं मत घेण्यासाठी काढलेल्या मसुद्यातला) मिस्टिक हा मनःशक्तीचा क्लास सापडलाय, त्याला तो खेळायचाय. पूर्ण बदलावं, थोडं थोडं मिसळावं, की जुन्यावरच राहावं?

आधी उत्तर: पूर्ण बदला किंवा जुन्यावरच राहा. आवडलेले नियम वेचून घेऊ नका. मिस्टिक नको. दोन्हींची कारणं एकच आहेत, आणि ती आकड्यांत दिसतात.

तुमच्या फायटरपासून सुरुवात करू. स्ट्रेंग्थ १८, सहाव्या लेव्हलचा प्रोफिशियन्सी बोनस ३, म्हणजे हल्ल्याला अधिक ७. समोरच्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १५ धरला तर वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा वर हवं, म्हणजे ६५ टक्के. ग्रेटस्वर्डचे २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) अधिक ४, सरासरी ११. एका वाराची अपेक्षित इजा ७.१५. जुना ग्रेट वेपन मास्टर फीट (पात्राने निवडायची जादा क्षमता) वापरून हल्ल्यातून ५ वजा केले आणि इजेत १० मिळवले, तर लागण्याची शक्यता ४० टक्क्यांवर येते, इजा २१ होते आणि अपेक्षित आकडा ८.४. फायदा आहे, पण माफक. अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) मिळाला की चित्र बदलतं: साधा वार ९.६५, फीटवाला १३.४४. दोन वारांचे जवळपास २७. जुन्या आवृत्तीत हा फीट डोकेदुखी ठरला तो याच कोपऱ्यात.

२०२४च्या पुस्तकात हा व्यवहारच काढून टाकला आहे. आता हल्ल्यातून काही वजा होत नाही, जड शस्त्राच्या इजेत फक्त प्रोफिशियन्सी बोनस मिळतो. सोबत ग्रेटस्वर्डला ग्रेझ ही मास्टरी मिळते: वार चुकला तरी क्षमतेच्या मॉडिफायरइतकी इजा होते, इथे ४. हिशेब: लागला तर १४, ६५ टक्के वेळा, चुकला तर ४, ३५ टक्के वेळा. एका वाराला १०.५. अ‍ॅडव्हान्टेजसह दोन वारांचे २५.६. म्हणजे नव्याने बांधलेला फायटर साध्या परिस्थितीत जुन्यापेक्षा बरा आहे आणि अ‍ॅडव्हान्टेजमध्ये किंचित कमी. उडी छोटी आणि अंदाजात राहणारी. बदल करणाऱ्यांना हेच हवं असावं.

आता तुमच्या गटात सुचवलेलं मिश्रण बघा: फीट जुना, मास्टरी नवी. जुन्या फीटची किंमत कशात मोजली होती? चुकलेल्या वारांत. ग्रेझ नेमकी तीच किंमत परत करतं. अ‍ॅडव्हान्टेजसह एका वाराचे १३.४४, त्यात ३६ टक्के चुकांचे प्रत्येकी ४ मिळवा, १४.८८ होतात. दोन वारांचे जवळपास ३०. जुन्या फायटरपेक्षाही जास्त आणि नव्यापेक्षाही. (क्रिटिकल, म्हणजे फाशावर २० पडल्यावरची जादा इजा, सोडून दिलेत, त्यांनी तुलनेची दिशा बदलत नाही.) टेबलावर कोणी लबाडी केलेली नसते. प्रत्येक नियम छापील पुस्तकातलाच असतो. पण नियम एकटा येत नाही, त्याला तोलायला त्याच पुस्तकात दुसरीकडे काहीतरी ठेवलेलं असतं आणि ते तुम्ही मागे सोडून आलेले असता.

दुसरं उदाहरण बर्सरकरचं, आणि ते उलट्या दिशेचं आहे. जुन्या नियमांत रेजमध्ये (बार्बेरियनच्या संतापात) फ्रेन्झी, म्हणजे जादा वार करायची मुभा, वापरली की रेज संपल्यावर एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी चढते. तिथे पहिल्या पायरीला फक्त अ‍ॅबिलिटी चेक डिसअ‍ॅडव्हान्टेजने (दोन फाशांतला लहान आकडा धरून) होतात. हल्ले आणि सेव्ह (धोका टाळण्यासाठी टाकायचे फासे) तिसऱ्या पायरीपर्यंत शाबूत. नव्या नियमांत प्रत्येक पायरीला सगळ्या डी२० टेस्टमधून (वीस बाजूंच्या फाशाने ठरणाऱ्या प्रत्येक गोष्टीतून) २ वजा आणि वेगातून ५ फूट कमी, सहाव्या पायरीला मृत्यू. "नवं एक्झॉशन लक्षात ठेवायला सोपं आहे, तेवढंच घेऊ" असं ठरवून बर्सरकर जुनाच ठेवला, तर पहिल्याच फ्रेन्झीनंतर बिचाऱ्याच्या हल्ल्यांतून आणि सेव्हमधून २ जातात. दोनदा केली तर ४. नव्या पुस्तकातला बर्सरकर फ्रेन्झीसाठी एक्झॉशन घेतच नाही, त्याला रेकलेस अटॅकसोबत पहिल्या लागलेल्या लक्ष्यावर जादा डी६ मिळतात, सहाव्या लेव्हलला दोन.

इंटरनेटवर एक्झॉशनचं तिसरंही रूप फिरतं: दहा पायऱ्या, प्रत्येकी उणे १. ते २०२२च्या चाचणी-पानांमधलं आहे, छापील पुस्तकात आलेलं नाही. कोणी फोनवर शोधून "नवीन नियम" वाचून दाखवत असेल तर आधी कुठली तारीख आणि कुठला दस्तऐवज ते विचारा.

यासाठी 'अनअर्थ्ड आर्काना' या नावाचा घोळ समजून घ्यायला हवा, कारण शोधल्यावर तीन वेगळ्या गोष्टी समोर येतात. १९८५चं पहिलं पुस्तक गॅरी गायगॅक्सच्या नावावर आहे. बार्बेरियन, कॅव्हेलियर, थीफ-अ‍ॅक्रोबॅट आणि शस्त्रातलं खास कौशल्य त्यात आलं. २००४चं त्याच नावाचं पुस्तक ३.५ आवृत्तीसाठीचं पर्यायी नियमांचं भांडार आहे: डी२०च्या जागी ३डी६, स्पेल पॉइंट, एकाच वेळी दोन क्लास चालवणारी गेस्टाल्ट पात्रं. आणि २०१५पासून याच नावाने मोफत चाचणी-पानं निघतात, खेळाडूंचं मत घेऊन पुढे नेण्यासाठी किंवा टाकून देण्यासाठी. पहिली दोन पुरी झालेली पुस्तकं आहेत. तिसरा प्रकार कच्चा माल आहे आणि त्यावर तसं लिहिलेलंही असतं.

हा कच्चा माल पुढे कुठे जातो ते ओळखता आलं तर बरेच निर्णय सोपे होतात. आर्टिफिसर २०१७ला चाचणीत आला, २०१९ला पुन्हा सुधारून आला आणि त्याच वर्षी एबेरॉनच्या पुस्तकात छापला गेला. २०१६चा सुधारित रेंजर त्या रूपात कधीच छापला गेला नाही. २०२२च्या पहिल्या चाचणी-पानात प्रत्येक डी२० टेस्टला २० पडले की आपोआप यश आणि १ पडला की आपोआप अपयश होतं. तेही मागे घेतलं. ते का टिकलं नाही हे टेबलावर लगेच कळतं. पाच जणांनी एकच अशक्य गोष्ट करून पाहिली तर कोणाला तरी २० पडण्याची शक्यता १ वजा ०.९५चा पाचवा घात, म्हणजे साडेबावीस टक्क्यांच्या वर. चौथ्या दारापाशी डीएम फासा टाकू द्यायलाच कचरतो.

जुन्या आवृत्त्यांतही पूरक पुस्तकांनी पुढच्या आवृत्तीची वाट आखून दिली आहे. १९८५ आणि १९८६च्या पूरक पुस्तकांतलं बिगर-शस्त्र प्रावीण्य १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ऐच्छिक नियम झालं आणि २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत त्या जागी पूर्ण स्किल-पद्धत आली. २००६च्या 'टोम ऑफ बॅटल'मधल्या, लढाईत वापरून संपणाऱ्या आणि परत मिळवायच्या डावपेचांचा वारसा २००८च्या चौथ्या आवृत्तीत दिसतो. पाथफाइंडर या याच घराण्यातल्या खेळाने २०१५च्या 'अनचेन्ड'मध्ये एका टर्नला तीन कृती हा पर्याय दिला, तोच २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीचा कणा झाला. माझं मत असं, की जुन्या नियमाच्या जागी बसून टेबलावरचा एखादा निर्णय कमी करणारे प्रयोग टिकतात. स्वतःचं वेगळं चलन, वेगळा तक्ता आणि वेगळी भाषा घेऊन आलेले बहुतेक गळून पडतात.

मिस्टिक दुसऱ्या जातीचा आहे. त्याला स्वतःचे साय पॉइंट, स्वतःच्या डिसिप्लिन, आणि एकेका डिसिप्लिनमध्ये तीन-चार शक्ती. दुसऱ्या पंथाच्या डिसिप्लिनही उचलता येतात, त्यामुळे एकच पात्र बरं करतं, मारतं, मन वाचतं आणि उड्याही मारतं. क्लेरिक आणि वॉरलॉक दोघांचीही जागा तो खातो. शिवाय त्याच्या शक्ती स्पेल (मंत्र) नसल्यामुळे काउंटरस्पेल, डिस्पेल मॅजिक या जादू तोडणाऱ्या स्पेलचं काय करायचं हे डीएमला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. हा क्लास छापला गेला नाही, त्यातल्या कल्पना २०२०च्या 'टाशाज कॉल्ड्रन'मध्ये सबक्लास (क्लासचे उपप्रकार) म्हणून विखुरल्या: साय वॉरियर, सोलनाइफ, अ‍ॅबेरंट माइंड. तुमच्या खेळाडूला नेमकं काय हवंय ते विचारा. मनात बोलायचं असेल तर ग्रेट ओल्ड वन वॉरलॉक पुरे आहे, क्लासही बदलावा लागणार नाही. डोक्याच्या जोरावर वस्तू हलवायच्या असतील तर साय वॉरियर फायटर जवळचा.

आता पूर्ण बदल कसा करायचा ते.

पैशाचा विचार आधी, कारण आयात पुस्तकं सगळ्यांना परवडत नाहीत आणि परवडायलाच हवीत असंही नाही. २०२५च्या एप्रिलपासून नव्या नियमांचा एसआरडी ५.२, म्हणजे नियमांचा संदर्भ-दस्तऐवज, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. बाराही क्लास प्रत्येकी एका सबक्लाससह, शस्त्रांच्या मास्टरी, स्पेल, राक्षस, सगळं त्यात आहे. बॅकग्राउंड चार आणि फीट थोडेच आहेत. ग्रेट वेपन मास्टर त्यात नाही. तुमच्याकडे छापील दोन प्रती आहेत, टेबलाला तेवढ्या पुरतात. बाकीच्यांनी एसआरडी फोनवर ठेवावा.

बदल कथेच्या विसाव्याच्या जागी करा: लाँग रेस्ट झालेली, पात्रं गावात, कोणाचाही स्पेल चालू नाही. अर्ध्या डंजनमध्ये शीट बदलली तर खर्च झालेले स्लॉट (स्पेल टाकायचा रोजचा साठा) आणि उरलेले हिट पॉइंट यावर वाद होतो. एक पूर्ण रविवार यासाठी ठेवा. मेगाब्लॉकचा रविवार असेल तर उत्तम. उशिरा पोचणाऱ्याची शीट शेवटी करा. एका पात्राला अर्धा-पाऊण तास धरा, दोघे जण शेजारी बसून करतील तर निम्म्या वेळात होतं.

शीट उतरवून काढू नका, पात्र नव्याने बांधा. प्रत्येक खेळाडूने आधी कागदावर तीन ओळी लिहाव्यात: माझं पात्र लढाईत काय करतं, लढाईबाहेर काय करतं, आणि काय गेलं तर ते माझं पात्र राहणार नाही. मग नवी शीट पहिल्या लेव्हलपासून सहाव्यापर्यंत चढवा आणि शेवटी त्या तीन ओळींशी ताडून बघा.

सगळ्यात जास्त होणारी चूक अ‍ॅबिलिटी स्कोअरमध्ये आहे. २०१४ला वाढ वंशातून मिळायची, आता बॅकग्राउंडमधून मिळते, एकाला २ आणि दुसऱ्याला १, किंवा तिघांना प्रत्येकी १. जुना वंश ठेवला आणि नवं बॅकग्राउंड घेतलं की वाढ दोनदा धरली जाते. म्हणून मूळ स्कोअर शोधा, वंशाची वाढ वजा करा, मगच नवी मिळवा. बॅकग्राउंड जुन्या पुस्तकातलं असेल तर वाढ हव्या त्या स्कोअरला द्या आणि एक ओरिजिन फीट निवडा. फाशाने काढलेले हिट पॉइंट तसेच राहू द्या. फक्त ओरिजिन फीट म्हणून टफ घेतला असेल तर प्रत्येक लेव्हलला २, म्हणजे सहाव्या लेव्हलला १२ मिळवायला विसरू नका.

सबक्लास आता सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला मिळतो. क्लेरिक आणि वॉरलॉकला तो पहिल्यालाच मिळायचा, पण तुम्ही सहाव्याला आहात, तेव्हा अडचण नाही. नव्या पुस्तकात नसलेला जुना सबक्लास चालतो. त्याच्या पहिल्या लेव्हलच्या गोष्टी तिसऱ्याला मिळाल्या असं धरा.

पॅलाडिनच्या खेळाडूशी वेगळं बोला, बाकीच्यांसमोर नको. त्याचंच सगळ्यात जास्त जातं. जुन्या नियमांत सहाव्या लेव्हलला दोन वार लागले तर दोन्हींवर डिव्हाइन स्माइटसाठी दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट जाळून ३डी८ अधिक ३डी८, सरासरी २७ जादा. आता डिव्हाइन स्माइट हा स्पेल आहे, वार लागल्यावर बोनस अ‍ॅक्शनने, म्हणजे टर्नला एकदाच: १३.५. स्पेल असल्यामुळे तो काउंटरस्पेल होऊ शकतो आणि सायलेन्समध्ये चालत नाही. बदल्यात दिवसाला एक स्माइट स्लॉटशिवाय, ले ऑन हँड्स (हात ठेवून बरं करणं) बोनस अ‍ॅक्शनला, आणि दोन शस्त्रांच्या मास्टरी. हे त्याला फासे हातात येण्याआधी माहीत हवं. लढाईच्या मध्यात कळलं तर तो नव्या नियमांवर कायमचा रुसतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

एकच नाव आणि वेगळा आकडा असलेल्या गोष्टींचा एक कागद करून टेबलावर ठेवा, झेरॉक्स काढून प्रत्येकाला द्या. क्युअर वुन्ड्स १डी८ होतं, आता २डी८. हीलिंग वर्ड १डी४ होतं, आता २डी४. काउंटरस्पेलला आता समोरच्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह. सरप्राइज म्हणजे पहिला टर्न जाणं नव्हे, इनिशिएटिव्हला (लढाईतला क्रम ठरवणाऱ्या फाशाला) डिसअ‍ॅडव्हान्टेज. ग्रॅपलला (पकडून धरायला) आमनेसामने चेक नाही. ८ अधिक स्ट्रेंग्थ अधिक प्रोफिशियन्सी या आकड्याविरुद्ध सेव्ह. लपण्यासाठी १५. पोशन पिणं बोनस अ‍ॅक्शन. एका टर्नला एकच स्पेल-स्लॉट. वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांनाच हा कागद जास्त लागतो, कारण ते पुस्तक न उघडता बोलतात. डिजिटल शीटवर 'लेगसी' असं लिहिलेली नोंद जुनी असते, निवडताना बघा.

डीएमचं खरं काम मात्र राक्षसांत आहे. २०२४च्या डीएम गाइडमधलं लढाईचं बजेट वेगळं आहे. सहाव्या लेव्हलला प्रत्येक पात्रामागे सौम्य ६००, मध्यम १०००, कठीण १४०० एक्सपी (अनुभवाचे गुण). आणि राक्षसांच्या संख्येचा गुणक नाही. जुन्या पद्धतीत सोपी ३००, मध्यम ६००, कठीण ९००, जीवघेणी १४००, आणि दोन राक्षस असतील तर दीडपट, तीन ते सहा असतील तर दुप्पट. चॅलेंज रेटिंग (राक्षसाच्या ताकदीचा आकडा) ५चे चार राक्षस घ्या, प्रत्येकी १८००, एकूण ७२००. पाच पात्रांसाठी नव्या हिशेबात हे कठीणच्या ७०००ला जेमतेम ओलांडतं. जुन्या हिशेबात ते १४,४०० होतात, जीवघेण्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. नवं बजेट जुन्या पात्रांवर लावलं तर तुमचा गट एका रविवारी संपेल. म्हणून बजेट, पात्रं आणि हीलिंग एकाच दिवशी बदलायला हवेत. २०२५च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये बऱ्याच राक्षसांचा परिणाम सेव्हशिवाय लागतो. लांडगा चावला की मध्यम आकाराचं पात्र सरळ खाली पडतं. पूर्वी ११चा स्ट्रेंग्थ सेव्ह असायचा. जुने राक्षस नव्या पात्रांसमोर मऊ वाटतात. ते संपेपर्यंत वापरायचे असतील तर पहिल्या दोन लढाया मध्यमच्या वरच्या टोकाला ठेवा आणि बघा.

वेळेचाही हिशेब धरा, कारण कॅफेचं टेबल तासावर असतं आणि बदलापूर-विरारकडच्यांना गाडी गाठायची असते. फायटरने ग्रेटस्वर्डऐवजी मॉल (मोठा हातोडा) घेतला तर टॉपल (समोरच्याला पाडणं) ही मास्टरी मिळते, प्रत्येक लागलेल्या वाराला समोरच्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह. दोन वार, चार राउंड, तीन लढाया: २४ वार, त्यातले १६ लागतील. प्रत्येक सेव्हला वीस सेकंद, म्हणजे एका सेशनमध्ये पाच मिनिटांच्या वर फक्त टॉपल. उपाय असा, की खेळाडूने सेव्हचा आकडा शीटवर मोठ्या अक्षरात लिहावा आणि वार जाहीर करतानाच सांगावा. डीएमने हल्ला लागल्याचं कळताच फासा टाकावा.

हा सगळा खटाटोप प्रत्येक खेळात लागतो असं नाही. 'कॉल ऑफ कथुलू' या भयकथेच्या खेळाच्या सहाव्या आवृत्तीतून सातव्यात जाताना गुणवैशिष्ट्यांना ५ने गुणलं की बहुतेक काम झालं: १३चे ६५, निम्मे ३२, पाचवा भाग १३. रेझिस्टन्स टेबल जाऊन आमनेसामने टक्केवारी आली. जुनी साहसं डीएम वाचता वाचता बदलू शकतो. तिथे मिसळणं चालतं, कारण मोजमाप तेच राहिलं आहे.

पुढे कधी चाचणी-पानांमधलं काही करून बघायचंच असेल तर एका वेळी एक गोष्ट, तीन सेशन, आणि संपण्याची तारीख आधी ठरवून. सुरू करण्यापूर्वी कथेबाहेर एक कोरडी लढाई खेळा: तीन राउंड, नियमाशिवाय आणि नियमासह, घड्याळ लावून. वहीत तीनच नोंदी पुरेत: एका राउंडला किती मिनिटं लागली, किती वेळा पुस्तक उघडावं लागलं, आणि दुसऱ्या कोणाचं पात्र त्यामुळे बिनकामाचं झालं का. तिसरी नोंद "हो" असेल तर पहिल्या दोन कितीही चांगल्या असल्या तरी नियम काढा. काढताना खेळाडूला फुकट पुनर्बांधणी द्या. त्याच्या जादूच्या वस्तू आणि एक्सपी जिथल्या तिथे राहतील. हे वचन आधीच दिलेलं असेल तर माणसं प्रामाणिकपणे सांगतात की नियम चालत नाहीये. नसेल तर ज्याचा फायदा आहे तो शेवटपर्यंत त्याची बाजू लढवतो.

तुमच्या बाबतीतही हीच मुदत ठेवा. जुन्या शीटा फाईलमध्ये जपून ठेवा. तिसऱ्या सेशननंतर पाचही जणांना विचारा, पॅलाडिनला सगळ्यात आधी.